औषधाच्या दिवसांतले मासे

सातपुड्यात जाऊन आलो म्हटलं की लोक तोरणमाळचं विचारतात. तिथलं तळं, तिथली थंडी. मी तोरणमाळला गेलो नाही. मी गेलो ते धडगावच्याही पलीकडे, नर्मदेवरच्या धरणाच्या फुगवट्याकाठच्या एका पाड्यावर. पाड्याचं नाव लिहीत नाही. तिथल्या माणसांना अजून मासे विकून जगायचं आहे, आणि पुढे जे लिहिणार आहे ते वाचून त्यांच्या माशांकडे कोणी नाक मुरडावं, असं मला नको आहे. मुरडायचंच असेल तर माझ्याकडे बघून मुरडा.

मी मूळचा वेंगुर्ल्याकडचा. माशांचं खाद्य करणाऱ्या एका कंपनीत नोकरी केली, आणि बरीच वर्षं नंदुरबार जिल्हा माझ्याकडे होता. खाद्याबरोबर औषधंही, म्हणजे खाद्यात मिसळायच्या अँटिबायोटिकच्या पुड्या, खपवायची असत. मी डॉक्टर नाही. साधी विज्ञानाची पदवी आहे. पण शहाद्यापासून नर्मदेपर्यंत सगळे मला डाक्टर म्हणत, आणि मी एकदाही ‘नाही हो’ म्हटलं नाही. पुढे नोकरी सोडली, गावी आलो. सुटलो असं वाटलं.

मग होळी होऊन गेल्यावर खेमादादाचा फोन आला. पाण्यात तरंगते पिंजरे सोडून त्यात मासे वाढवणारा पाड्यावरचा एक गट आहे, त्याचा तो म्होरक्या.

“डाक्टर, मासे गोल गोल फिरतात. डोळे बाहेर आलेत. तुझी पुडी चालू केली, लागू नाय पडत. तेज पुडी सांग.”

“बघतो,” मी म्हटलं.

माझं ‘बघतो’ म्हणजे काय, ते माझ्या घरच्यांना माहीत आहे. त्यानंतर काही होत नाही. पण त्या हिवाळ्यात बायकोचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं. टाके चिघळले. एक औषध चाललं नाही, दुसरं चाललं नाही, तिसरं शिरेतून द्यावं लागलं, तेव्हा कुठे पू थांबला. डॉक्टरांनी मला व्हरांड्यात गाठून विचारलं, “घरात कोणी आपल्या मनानं अँटिबायोटिक घेतं का?” मी नाही म्हणालो. ते खरंच होतं. मी काय धंदा करत होतो हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. तिची जखम माझ्या पुडीमुळे चिघळली असं मी म्हणत नाही. तसं कोणालाच म्हणता येणार नाही, एवढं मला कळतं. पण जे कोणालाच दाखवून देता येत नाही, त्याच्या आडोशाला आपण किती वर्षं सुखानं बसलो होतो, ते त्या व्हरांड्यात पहिल्यांदा दिसलं.

म्हणून या वेळी खरंच बघायला गेलो.

लोणखेडा

शहाद्याच्या स्टँडवर मधुकरभाऊ मोटारसायकल घेऊन उभे. लोणखेड्याला त्यांची शेती, केळी, पपई, आणि रस्त्याकडेला खाद्य-औषधांचं दुकान. माझा माल तेच विकत. शेतात मोठं शेततळंही आहे, त्यात मासे. ओळखीची वाट होती. पुरुषोत्तमनगरच्या कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्यांमागे धूळ खात आम्ही चाललो होतो, आणि भाऊ मागे मान वळवून बोलत होते, जे मोटारसायकलवर कोणी करू नये.

“आते याद उनी का आमनी? नोकरी सोडी आनि मानूसबी सोडी दिना तू!”

जेवायला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, शेवेची भाजी, मिरचीचा ठेचा आणि तळलेले बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड. वहिनींनी शेवभाजीच्या रश्श्यावर तेलाचा असा तवंग आणला होता की पहिला घास जाताच माझ्या कोकणी डोळ्यांना पाणी आलं. आमच्याकडे तिखटाला नारळ सोबत घेऊन चालतो. खानदेशात तिखट एकटंच येतं. माझी नोकरीची सगळी वर्षं या घरात जेवण्यात गेली, पण मासा मात्र इथे कधीच शिजला नाही. भाऊंच्या घरी चूल शाकाहारी आहे. ज्यांच्या शेततळ्यात मासे उड्या मारतात ते स्वतः मासा चाखत नाहीत, याचं मला पहिल्या वर्षी फार हसू आलं होतं. माझी आई फोनवर म्हणाली होती, “म्हणजे दुसऱ्याच्या घरचा लगीनच म्हणायचा. वाढूचा, जेवूचा नाय.”

जेवण झाल्यावर ओट्यावर बसलो. मी कशाला आलो ते सांगितलं.

“तेनासाठे इतला लांब काब्र उना?” भाऊ म्हणाले. “फोनवर सांगी देवानं. मन्हाकडे नवं औसद शे, तेज. धाडी देस.”

“तेज औषध द्यायचं नाही, हे सांगायलाच चाललोय. आणि जुनंही बंद करायचं.”

भाऊंनी सुपारी कातरायची थांबवली. “मासा मरतीन. मंग तू जिता करशी का?”

ते पुढे झुकले, आवाज खाली आणून म्हणाले, “आपन काय चुकीनं करं? मन्हा तळामा औसद दिनं का मी मासा इकस नही. तू सांगेल दिवस पुरा व्हतस, मंगच जाळं टाकस. नियम पाळस मी, विचार कोनलेबी.”

हे खरं होतं. भाऊ नियमाचे पक्के. औषध मिसळलेलं खाद्य बंद केल्यावर काही दिवस मासा विकायचा नाही, म्हणजे त्याच्या अंगातलं औषध उतरतं. तो नियम मीच सगळीकडे सांगत असे. ‘औषधाच्या दिवसांत विकायला बंद.’ एका वाक्यात बसायचा, लोकांच्या लक्षात राहायचा. त्याचा मला अभिमान होता. कंपनीत मला त्याबद्दल शाबासकीही मिळाली होती.

पण औषध मुळात द्यायचं कधी? रोग आहे का, कोणता आहे, हे तपासून. तसं आम्ही कधी केलं नाही. “रोग यायच्या आधीच दिलेलं बरं,” असं मी सांगत असे. थोडं थोडं, दर हंगामात. थोड्या थोड्या औषधानं जंतू मरत नाहीत, शिकतात. जे मऊ असतात ते मरतात, जे उरतात त्यांना त्या औषधाची भीती राहत नाही, आणि मग तेच वाढतात. ही गोष्ट मी कॉलेजात परीक्षेत लिहिली होती. बरे गुण मिळाले होते.

हे मी भाऊंना त्या रात्री सांगितलं. उठताना ते म्हणाले, “तुले माहीत व्हतं, तं मंग माले काब्र नही सांगं?”

मी म्हटलं, “झोपू या आता.”

घाटातली जीप

म्हसावदला चहा घेतला आणि जीपमध्ये बसलो. बसलो म्हणजे शिरलो. म्हसावदपर्यंत कपाशी, केळी, ऊस, काळी सपाट जमीन. त्यानंतर रस्ता डोंगरात वळतो आणि जमीन एकदम लाल, उतरती, दगडांची होते. पळसाचा बहर उतरला होता, पण मोह भरात होता. पहाटे मोहाच्या झाडाखाली पिवळसर, रसाळ फुलांचा सडा पडतो आणि बायका तो वेचून टोपल्यांत भरतात. त्याचा वास गोड, जरासा आंबूस, आणि घाटभर आपल्यासोबत येतो.

माझ्या बाबतीत तो जरा जास्तच सोबत आला. शेजारच्या बाईनं तिची फुलांची पिशवी, जागा नाही म्हणून, माझ्या मांडीवर ठेवली. मी नाही म्हणालो नाही. वळणावळणावर मी त्या पिशवीवर रेलत गेलो, आणि उतरलो तेव्हा पांढऱ्या शर्टाच्या पोटावर चिकट डाग पडला होता. बाईनं पिशवी उघडून आपली चेंगरलेली फुलं पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या भाषेत असं काही म्हणाली की मागची सगळी जीप हसली.

पुढचं अंतर खेमादादाच्या पुतण्याच्या मोटारसायकलवर, आणि मग खाली उतरत पाण्यापर्यंत. नर्मदा इथे नदीसारखी दिसत नाही. धरणाचं पाणी मागे दरीदरीत शिरलं आहे आणि डोंगरांच्या माथ्यांची बेटं झाली आहेत. पाण्यात सुकलेल्या झाडांचे शेंडे उभे आहेत. त्यांच्या मधोमध पिंपांवर तरंगणाऱ्या पिंजऱ्यांच्या चौकटी. पाड्याची जुनी शेतं त्या पाण्याखाली आहेत, आणि आता त्याच शेतांच्या वर ही मासेशेती.

खेमादादा काठावर आला. उंच, कानात बाळी, अंगात कुठल्याशा क्रिकेट संघाचा टीशर्ट. जवळ येऊन त्यानं माझा मोहानं माखलेला शर्ट हुंगला आणि मोठ्यानं ओरडला, “अरे, डाक्टर पिऊन आला!”

डोंगरात सगळ्यांना ‘तू’च असतं. लहान, मोठा, साहेब, सासरा, सगळे तू. सुरुवातीला मला ते खटकायचं. आता सपाटीवर कोणी ‘तुम्ही’ म्हटलं की उलट अंतर पडल्यासारखं वाटतं.

खेमादादाच्या घरी

संध्याकाळी पिंजऱ्यांवर गेलो. वर्णन लांबवत नाही. पाण्याच्या वरच्या थरात मासे एका कुशीवर, संथ गोल फिरत होते. डोळे फुगून बाहेर आलेले, कल्ल्यांजवळ लाल. मेलेले जाळ्याच्या कडेला लागले होते. खाद्य टाकलं तर मोजकेच वर आले. बाकीचं खाद्य जाळीतून खाली गेलं, आणि खाली काळ्या पाण्यात दुसरेच मासे चमकले. नदीचे, जंगली. पिंजऱ्याखाली ते कायम जमतात, फुकटचं खायला. ते खाद्य औषध लावलेलं होतं. मागच्या हंगामातल्या पुड्या गटानं जपून ठेवल्या होत्या, त्या चालू होत्या. जंगली माशांचा विचार मी कधीच केला नव्हता, हे तिथे उभ्या उभ्या लक्षात आलं.

घरी आलो तर मोगरीबाईनं, म्हणजे खेमादादाच्या बायकोनं, जेवण काढलं होतं. मक्याची जाड भाकरी, आणि पळसाच्या पानात गुंडाळून निखाऱ्यात भाजलेला मासा. लसूण, मिरची, मीठ, चिंचेचं आंबट. बाकी काही नाही. कोकणातल्या माणसाला गोड्या पाण्यातला मासा मातकट लागतो, आमच्याकडे त्याला मासा म्हणायलाही लोक तयार नसतात. पण हा पान उलगडलं तेव्हा असा वाफाळला की मी पहिला घास न थांबता घेतला. उत्तम होता. मोठा, भरलेला, पिंजऱ्यात वाढतो तसा.

घास तोंडात असतानाच मला ते जाणवलं.

“हा कुठला, मोगरीबाई?”

“पिंजऱ्याचा.”

“पिंजऱ्यात तर औषध चालू आहे ना?”

“मग!” ती म्हणाली, जणू मी सोपी बेरीज विचारली. “औषध चालू हाय म्हणून तर घरात. तूच सांगितलं ना, विकायला बंद. आम्ही नाय विकत. एक पन नाय विकला.”

खेमादादा हसला. “विकायचे दिवस असते तर तुला एवढा मोठा कोण देतो? लहान लहान आम्ही खातो, मोठे व्यापाऱ्याला. औषधाच्या दिवसांत मोठे घरात. पोरं वाट बघतात, औषध कधी चालू होते म्हणून.”

मग त्यांनी सांगितलं, आणि ते सांगताना त्यांच्या आवाजात घरच्या सुबत्तेचा आनंद होता. औषधाचे दिवस म्हणजे पाहुण्यांचे दिवस. लेकीच्या सासरी मासे जातात. आश्रमशाळेतून सुटीत आलेल्या मुलांना मिळतात. सगळ्यात आधी मिळतात बाळंतिणीला, कारण माशानं दूध येतं. सायकी, खेमादादाची मुलगी, माहेरी बाळंतपणाला आली होती. तिला महिनाभर रोज.

सायकी कोपऱ्यात बाळाला घेऊन बसली होती. बाळाला मध्यंतरी ताप भरला होता, ती म्हणाली. धडगावला नेलं. एक औषध दिलं, ताप हटेना. मग नंदुरबारला पाठवलं, तिथे सुया दिल्या. आता बरं आहे. बाळ बरंच होतं. माझ्या शर्टाच्या डागाकडे टक लावून बघत होतं.

याचाही त्याच्याशी संबंध आहे, असं मी म्हणत नाही. मी काहीच म्हणू शकत नाही. तापाला हजार कारणं असतात.

लोणखेड्यात माझा नियम पुरत होता, कारण तिथे मासा ही विकायचीच गोष्ट होती. मधुकरभाऊंच्या घरात विकायला बंद म्हणजे सगळंच बंद. तोच नियम मी जसाच्या तसा उचलून घाटावरून इथे आणला, जिथे न विकलेलं ते घरचं खाणं. आणि या माणसांनी तो किती प्रामाणिकपणे पाळला! माझ्या नियमाप्रमाणे सर्वांत जास्त औषध अंगात असलेला मासा त्यांनी बाजारापासून वाचवला आणि बाळंतिणीच्या पानात वाढला.

मी तो मासा संपवला. पान टाकून उठणं आमच्याकडेही पाप, आणि त्या घरात मी उठलो असतो तर ते माझ्या औषधापेक्षा त्यांच्या रांधण्याला लागलं असतं. पण बोललो नाही, हेही खरं. खेमादादानं विचारलं, “तेज पुडी उद्या देतो ना?” मी म्हटलं, “उद्या सगळ्यांना बोलाव. सगळ्यांसमोर सांगतो.”

आंब्याखाली

सकाळी गटाची माणसं काठावरच्या आंब्याखाली जमली. बायका एका बाजूला, पण बोलण्यात मागे नाहीत. दित्याबाबा, पाड्याचे कारभारी, खाटेवर. तंटा-भांडण त्यांच्यासमोर सुटतं. वय झालं आहे, ऐकू कमी येतं, आणि आपल्याला ऐकू येत नाही हे त्यांना मान्य नाही.

मी उभा राहून बोललो. तेज औषध आणलेलं नाही, देणार नाही, आणि आजपासून पुडी पूर्ण बंद करा. का, तर पुडीला हे जंतू आता दाद देत नाहीत. ते असे का झाले, तर मी तुम्हाला रोग नसताना औषध द्यायला लावलं म्हणून. ते चूक आहे हे मला तेव्हाही माहीत होतं. मी विकत होतो, मला विकायचं होतं. आणि औषधाच्या दिवसांतले मासे विकायचे नाहीत तसेच खायचेही नव्हते. ते मी सांगितलं नाही.

शांतता पसरली नाही. उलट एकदम सगळे बोलायला लागले. सेल्या नावाचा तरुण, ज्याचा पिंजरा सर्वांत वाईट अवस्थेत होता, उसळला. “मग आता मरू द्यायचे? व्यापारी या महिन्यात येणार! तू आपलं सांगून मोकळा होशील. मी शहाद्याहून आणीन तेज औषध.”

“आणशील. आणि ते चाललं तरी पुढच्या वर्षी चालणार नाही.”

“पुढचं वर्ष पुढच्या वर्षी!”

तेवढ्यात मोगरीबाई पुढे आली. ती ओरडली नाही. काल रात्री पान वाढताना बोलत होती त्याच आवाजात बोलली.

“विकत घेणाऱ्यासाठी तू दिवस मोजले. आमच्यासाठी नाय मोजले?”

“तुम्ही खाल असं माझ्या मनातच आलं नाही.”

“मासे पाळतो तो मासे नाय खाणार?”

“लोणखेड्याचे मधुकरभाऊ खात नाहीत,” मी बोलून गेलो, आणि बोलल्यावर माझंच मला ऐकू आलं.

मागून कोणीतरी म्हणालं, “शेळी पाळत असेल, तर दूधबी नाय पीत काय तो!” लोक हसले. मोगरीबाई हसली नाही. तिनं सायकीकडे पाहिलं. सायकीनं बाळाचं टोपडं नीट केलं, आणि मग माझ्याकडे न बघता विचारलं, “त्याला काय होईल?”

“माहीत नाही. बहुतेक काही होणार नाही. पण पुन्हा ताप आला तर डॉक्टरांना हे सांग. काय खाल्लं ते. माझं नाव सांग.”

दित्याबाबांना एवढा वेळ कोणीतरी कानात सांगत होतं. त्यांनी काठी आपटली. “भाजी,” ते म्हणाले.

कोणाला कळेना. ते चिडले. “पावसाळ्यात नवी भाजी येते. पूजा झाल्याशिवाय आम्ही खातो का? नाय खात. पोरगं रडलं तरी नाय खात. आम्हाला खायला बंद कळतं! बापजाद्यापासून कळतं! तू सांगितलं विकायला बंद.”

तेवढंच. मला वाटतं, माझ्या सगळ्या नोकरीवर तेवढंच बोलणं पुरे होतं.

डोंगरात तंटा मिटवायची रीत मला माहीत होती. पंच बसतात, चुकलेल्याला दंड ठरतो, दंड दिला की सगळे मिळून पितात, आणि गोष्ट संपते. आमच्याकडे देवासमोर गाऱ्हाणं घालतात, नारळ ठेवतात, आणि माणूस मोकळा होतो. मला तसंच काहीतरी हवं होतं. मी हात जोडून म्हटलं, “बाबा, मला दंड करा. पंच म्हणतील तो.”

दित्याबाबा पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघत होते. त्यांनी ते पुन्हा मोठ्यानं बोलायला लावलं. मग खेमादादाशी त्यांच्या भाषेत बराच वेळ बोलले. खेमादादानं मला सांगितलं:

“बाबा बोलतो, दंड नाय घेणार. दंड घेतला की तुझ्यासोबत प्यावं लागतं. प्यालं की गोष्ट मिटली. मग ती कोणी काढायची नाय, काढली तर काढणाऱ्याला दंड. ही मिटली नाय. मासे अजून मरतात. पोरगं अजून लहान हाय.”

“मग मी काय करू?”

खेमादादानं विचारलंही नाही बाबांना. स्वतःच म्हणाला, “तू पुडी एकट्या आम्हाला दिली का?”

नव्हती दिली. फुगवट्याच्या पलीकडे आणखी पाडे होते. सगळीकडे तेच वाक्य सांगितलं होतं.

त्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही काम केलं. मेलेले मासे काढून पाण्यापासून लांब खड्ड्यात, चुना टाकून पुरले. यापूर्वी ते पाण्यातच सोडत. जाळ्यांवरचं शेवाळ खरवडलं, पाणी खेळावं म्हणून. दाटीचे मासे रिकाम्या पिंजऱ्यात वाटले, खाद्य कमी केलं. काही आजारी मासे बर्फात घालून तपासणीला पाठवायचे ठरले. काहींनी हे पटून केलं, काहींनी मी समोर होतो म्हणून. सेल्या आलाच नाही. मोगरीबाईनं पिंजऱ्यांच्या चौकटीला जांभळीच्या डहाळ्या बांधल्या. पोरांना सांगितलं, डहाळी आहे तोवर कोणी गळ टाकायचा नाही, पिंजऱ्यात नाही आणि पिंजऱ्याखालीही नाही. खालचं मी सांगितलं होतं. पोरांनी कुरकुर केली, पण गळ गुंडाळले.

परत आल्यावर कळलं ते इथेच सांगतो. सेल्यानं तेज औषध आणून दिलं, त्याचा पिंजरा गेला. खेमादादानं दिलं नाही, त्याचे बरेच गेले, उरलेले पाऊस पडून पाणी निवल्यावर चरायला लागले. व्यापारी आला तेव्हा विकायला फारसं काही नव्हतं. यातून काय सिद्ध होतं, असं मला विचारू नका. मधुकरभाऊंनी दुकानातली औषधं कमी केली का, तेही मी अजून विचारलेलं नाही. फोनवर ते पपईचं बोलतात.

पलीकडचा पाडा

दुसऱ्या दिवशी खेमादादानं मला बोटीतून पलीकडे नेलं. पाणी इतकं स्थिर की डोंगर उलटे पडले होते त्यात. पाण्याखालून वर आलेल्या एका सुकलेल्या झाडावर पाणकावळे पंख पसरून बसले होते. वाटेत खेमादादा म्हणाला, “तिथं मराठी कोणाला जास्त नाय येत. तू बोल, मी सांगेन.”

तिथेही माणसं जमली. काहींना मी आठवत होतो. “डाक्टर आला,” असं म्हणत त्यांनी मला खाट दिली. मी बसलो नाही. आदल्या दिवशी जे तुटक तुटक बोललो होतो, ते या वेळी मी नीट जुळवून आणलं होतं. जंतू कसे शिकतात, औषध पाण्यात कुठे कुठे जातं, कंपनीचा दबाव कसा असतो, आम्हा नोकरदारांना तेव्हा किती पर्याय होते, खायचं की विकायचं हा फरक माझ्या ध्यानात का आला नाही. बरंच बोललो. बोलता बोलता माझं मलाच बरं वाटायला लागलं होतं.

मी थांबलो. खेमादादा त्यांच्याकडे वळला आणि एका वाक्यात सांगून मोकळा झाला.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं हातातलं काम खाली ठेवलं.

“एवढंच?” मी खेमादादाला विचारलं. “काय सांगितलंस?”

“सांगितलं, याला माहीत होतं.”